डाव्या बैठकीवरचा पंप

मोटार घेऊन येणारा माणूस रोग सांगत नाही, औषध सांगतो. "मेस्त्री, प्लग बदला." "मेस्त्री, कारबोरेटर साफ करा." अरे, तुलाच सगळं कळतंय तर माझ्या शेडमध्ये कशाला आलास? गिरगावातल्या गॅरेजात इतकी वर्षं अंगाला ग्रीस फासून घेतलं ते काय झक मारायला? रत्नागिरीला परत येऊन मी दुरुस्तीची शेड टाकली तेव्हा मोटारी मोजक्याच होत्या, पण त्यांचे मालक आणि ड्रायव्हर एकजात शहाणे होते. म्हणून रावजी जेव्हा अण्णांची मोटार घेऊन आला आणि म्हणाला, "मेस्त्री, ह्या काट्याचं काय झालंय ते तुमीच बगा," तेव्हा मला तो माणूस एकदम आवडला. पुढच्याच दमात तो म्हणाला, "फकस्त मशीनमुळं व्हतंय असं सांगा, म्हंजे झालं," आणि माझं डोकं फिरलं.

तेहेतीस-चौतीस सालची गोष्ट, वैशाखातली. अण्णा म्हणजे आंब्याचे मोठे बागायतदार. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाची जुनी मोटार त्यांनी घेतली होती आणि ती रत्नागिरी-संगमेश्वर भाड्याने पळवत होते. रावजी तिचा ड्रायव्हर. संगमेश्वराकडच्या एका वाडीतला कुणबी, तिशीचा, अंगाने दणकट, पण त्या दिवशी आजारातून उठल्यासारखा दिसत होता.

काट्याचं प्रकरण आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या गाडीची पेट्रोलची टाकी मागे, पार खाली होती आणि इंजिन पुढे, वर. पेट्रोल काही आपण होऊन वर चढत नाही. म्हणून टाकीत हवा कोंडायची आणि हवेच्या दाबाने पेट्रोल नळीतून पुढे ढकलायचं. दाब किती आहे ते दाखवायला समोरच्या फळीवर घड्याळासारखा काटा, आणि हवा भरायला डाव्या बैठकीच्या समोर हातपंप. काटा पडला की इंजिन उपाशी, आणि इंजिन उपाशी की गाडी जागच्या जागी उभी.

हा पंप मारायला अण्णांनी रावजीच्याच वाडीतला बाबल्या ठेवला होता. बाबल्याचं काय झालं ते त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीनंतर एकदा भरलेली गाडी नदीपलीकडच्या चढावर थांबली आणि मागे घसरू लागली. बाबल्या चाकामागे दगड लावायला उतरला आणि चाक त्याच्या अंगावरून गेलं. रावजीने सगळ्यांना सांगितलं की आपण काही बोलायच्या आत तो उडी मारून उतरला. बाबल्याचं लग्न होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. चिमा त्याची बायको.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसून नुसता बघत राहिला. लोकांनी नाही नाही ती वचनं दिली. तुझ्या आईला सांभाळू म्हणाले, चिमाला उपाशी ठेवणार नाही म्हणाले, बांधाचं भांडण मिटवू म्हणाले. कावळा हलेना. मालक म्हणून अण्णाही गेले होते. अण्णांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण सूर्य डोक्यावर आला होता आणि पोटात कावळे ओरडत होते. वैतागून ते मोठ्याने म्हणाले, "बाबल्या, गाडीवरची तुझी जागा तुझीच राहील. तिथे दुसरा कोणी बसणार नाही!" कावळा झपकन खाली आला आणि पिंडाला शिवला. अण्णा सुटलो म्हणून जेवायला गेले.

तेव्हापासून त्या बैठकीवर कोणी बसलं नाही. अण्णांनी दुसरा माणूस ठेवायला पाहिला, पण एकही तयार होईना. रावजी एकटाच गाडी नेऊ लागला, आणि गाडी आपली चालत राहिली. हळूहळू उतारू बोलू लागले. काटा पडतो आणि परत चढतो म्हणे. धापा टाकल्यासारखा, टप्प्याटप्प्याने चढतो म्हणे.

आता यात रावजीला काय एवढं लागलं होतं? तर चिमा. कुणब्यांत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, त्यात वावगं काही नाही. चिमा त्या मोसमात अण्णांच्या बागेत आंबे भरायच्या कामाला होती, आणि रावजीने तिला विचारलं होतं. ती हो म्हणाली होती. पण गावचा मानकरी भागोजी आडवा आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: ज्यानं मेल्यावर गाडीवरली जागा सोडली नाही, तो बायको कशी सोडील? अशा बाईशी पाट लावला तर तो वाडीला भोवेल. शेवटी एवढं ठरलं की कुणी जाणता माणूस येऊन मशीनचं कारण दाखवील तर गुरव देवाला कौल लावील, देवावरची फुलाची पाकळी उजवी पडली तर पाट. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही, आणि चिमाला तिचा भाऊ मुंबईला गिरणीत घेऊन जाईल. कौल दुसऱ्या दिवशी होता.

"म्हणून मशीन म्हणा म्हणतोस," मी म्हणालो.

"मशीनच असंल, मेस्त्री. दुसरं काय असनार?" असं म्हणताना त्याने डाव्या बैठकीकडे पाहिलं नाही. तो आल्यापासून त्या बाजूला एकदाही पाहत नव्हता.

मी कामाला लागलो. मी बैठकीवर बसायला गेलो तर तो ओरडलाच, "तितं नको!" म्हणून बाहेरून पायरीवर उभा राहून मी पंपाच्या मुठीला हात घातला आणि जरा थबकलो. आमच्याकडची हवा खारट. पितळ थोडे दिवस हाताळलं नाही तर हिरवं पडतं. त्या गाडीतलं सगळं पितळ, दिव्यांच्या कडा, भोंगा, दाराच्या मुठी, काळंहिरवं झालं होतं. पंपाची मूठ तेवढी लखलखीत होती.

"ही तेवढी घासतोस वाटतं?"

"नाय," रावजी म्हणाला.

खोटं बोलतोय, असं मी मनात म्हटलं. पंप मारला, काटा वर आला. हात काढला तर बघता बघता खाली घसरला. म्हणजे कुठेतरी हवा निसटत होती. अशा वेळी साबणाचं पाणी करायचं आणि कुंचल्याने एकेक सांधा भिजवत जायचं. जिथे हवा निसटते तिथे फुगा येतो. झाकणाखालचा बुचाचा वायसर पाहिला, चांगला होता. नळीचे सांधे पाहिले, घट्ट होते. मग गाडीखाली उताणा झालो आणि टाकीच्या वरच्या कडेच्या शिवणीवर हात लांबवून कुंचला फिरवला. भाताला आधण यावं तसे बुडबुडे उठले.

"सापडलं!" मी खालूनच ओरडलो. "शिवण उसवलेय. म्हणून काटा पडतो."

"आनि चढतो तो?"

"तो इंजिनावरच्या पंपाने. ह्या गाड्यांना इंजिनावर एक छोटा पंप असतो. इंजिन सुरू झालं की तो आपोआप हवा भरतो. कधी धरतो, कधी सोडतो. त्यालाच तुम्ही लोकांनी भूत केलंत."

रावजीच्या तोंडावर असा काही उजेड आला की मलाही बरं वाटलं. आता तो पंप दाखवावा म्हणून मी इंजिनाचं झाकण उघडलं. पंप होता, पण आत दांडा नव्हता. दांड्याच्या भोकात लाकडाचा खुंटा मारलेला होता आणि नळीचं तोंड ठोकून चपटं केलेलं होतं. खुंट्यावर तेलाचा जाड थर चढलेला. हे काही आजकालचं काम नव्हतं.

मी तसाच अण्णांकडे गेलो. ते आंब्याच्या पेट्या मोजत बसले होते. "तो पंप होय? घेतली तेव्हापासूनच मेलेला आहे," ते म्हणाले. "नवा विलायतेहून मागवायचा, त्यापेक्षा म्हटलं, बाबल्या परवडला." आणि हसले. मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं असावं, कारण ते एकदम पेट्यांकडे वळले. मला मात्र त्यांचा राग आला. एका सुट्या भागाच्या बदली माणूस बसवला होता, आणि तो भाग असता तर माणूसही असता.

शेडमध्ये परत आलो तो डोक्यात एकच हिशेब. टाकीला भोक. इंजिनाचा पंप मेलेला. हातपंप डाव्या कडेला, जिथे ड्रायव्हरचा हात पोचत नाही. अशी गाडी हाताने पंप मारल्याशिवाय हाकेच्या अंतरापलीकडे जाणार नाही, आणि ही तर गेले कित्येक महिने संगमेश्वराच्या खेपा करत होती.

"रावजी, खरं सांग. पंप कोण मारतं?"

"त्येच तर तुमाला इचारायला आलोय," तो म्हणाला.

मग त्याने माझा हात धरला. "मेस्त्री, तुमी नुसतं मशीन म्हना. भागोजी तुमचं ऐकंल. तिला मुंबैला नेली तर मी काय करू?"

"मी मशीनबद्दल खोटं बोलत नाही," मी म्हणालो. "माणसांबद्दल बोलतो, वेळ पडली तर. मशीनबद्दल बोललेलं खोटं दुसऱ्या दिवशी धूर काढत दारात उभं राहतं." पण त्याचं तोंड बघवेना. मग मला वाटलं, खोटं बोलायचं कशाला? टाकी घट्ट करून टाकली तर काटा पडायचाच नाही. पडला नाही तर चढायचं कारण नाही. भागोजीला स्थिर काटा दाखवायचा आणि छातीठोक सांगायचं, मशीन होतं, दुरुस्त केलं. त्यात खोटं काय?

पेट्रोलच्या टाकीला डाख देणं, तापल्या हत्याराने कथील ओतून शिवण सांधणं, म्हणजे स्वतःचं क्रियाकर्म स्वतःच मांडण्याचा प्रकार. आत वाफ राहिली तर टाकीबरोबर आपणही उडतो. मी टाकी उतरवली, उकळत्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, वास जाईपर्यंत धुतली, मग शिवणीच्या जरा खालपर्यंत पाणी भरलं आणि उसवलेल्या शिवणीवर नीट डाख ओतला. संध्याकाळी हवा भरून ठेवली. सकाळी पाहिलं तर काटा होता तिथेच. काचेवर टिचकी मारली तरी हलला नाही. मी इतका खूश झालो की रावजीला चहा पाजला.

आम्ही निघालो. इंजिन पेट्रोल पिईल तसा काटा हळूहळू उतरणारच, तेव्हा अधूनमधून गाडी थांबवायची आणि मी पायरीवर उभा राहून चार हात पंप मारायचा असं ठरलं. बागेच्या फाटकापाशी चिमा गाठोडं घेऊन उभी होती. सावळी, किडकिडीत, डोळे मोठे. ती मागे बसली. मीही मागेच बसलो, मध्ये माझी हत्यारांची पेटी ठेवून. पुढे रावजी, आणि त्याच्या शेजारची बैठक मोकळी.

गाव मागे पडेपर्यंत ती गाठोडं मांडीवर आवळून बसली होती. मग म्हणाली, "मेस्त्री, भोक बुजवलात?"

"बुजवलं."

"मग आता त्यांना काय काम?"

मी काट्याकडे पाहिलं. रावजीची मान ताठ झाली.

हातखंबा गेलं. ठरल्याप्रमाणे दोनदा थांबून मी पंप मारला. काटा शहाण्यासारखा वागत होता. निवळीपर्यंत दुपार भरली. दोन्ही बाजूंना उघडा काळा कातळ, त्यावर करपलेलं गवत, वारा पडलेला. पाखराचासुद्धा आवाज नव्हता. आमच्याकडे ही वेळ रात्रीपेक्षा वाईट समजतात. सावली पायाखाली येते तेव्हा माणसाने वाटेवर असू नये, असं आई म्हणायची. मी तिला हसायचो. त्या दिवशी हसू आलं नाही, कबूल करतो.

घाट उतरून नदी ओलांडली आणि तो चढ लागला. रावजीने गियर बदलला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी पुढच्या दोन बैठकींच्या मधून काट्याकडे बघत होतो. काटा खाली यायला हवा होता. तो चढला.

एक टप्पा चढला, थांबला. आणखी एक टप्पा चढला, थांबला. मी मनाला समजावलं की ऊन आहे, टाकी तापलेय, पेट्रोलची वाफ धरते, दाब वाढतोच. हे खोटं नाही, अजूनही मी ते कारण कुणालाही सांगेन. पण वाफेने काटा सरळ चढतो. हा दमादमाने चढत होता, आणि प्रत्येक दमाबरोबर पुढून आवाज येत होता. खट् फुस्. खट् फुस्. समोरच्या बैठकीच्या पाठीमुळे मला पंपाची मूठ दिसत नव्हती. वाकून बघायचा धीर झाला नाही.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधी भोक होतं. जेवढी हवा भरावी तेवढी निसटत होती, म्हणून सगळं निभत होतं. आता भोक मी बुजवलं होतं, आणि तो मात्र आपलं काम करतच होता.

काटा शेवटच्या आकड्याच्या पुढे गेला. पेट्रोलचा भपकारा आला. कारबोरेटर तुंबून पेट्रोल बाहेर सांडत होतं, आणि खाली तापलेली धुराची नळी. "रावजी, थांबव! पेट घेईल!" मी ओरडलो. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. ह्या चढावर थांबायचं म्हणजे काय, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? मी दार उघडून उडी मारली, मागे धावलो आणि टाकीचं झाकण फिरवलं. केवढ्याने तरी हवा सुटली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. गाडी थरथरून मागे सरकली, माझ्याच अंगावर. मी बाजूला होऊन रस्त्याच्या कडेचा दगड ओढला आणि चाकामागे सारला. चाक दगडावर टेकलं आणि थांबलं.

नंतर जे झालं ते मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय. सगळं शांत होतं. झाकण लावावं म्हणून मी टाकीच्या तोंडावर हात नेला. माझ्या तळहाताला वारा लागला. छोटासा, गरम. थांबला. परत लागला. परत. आतून कोणीतरी श्वास टाकावा तसा, आणि धावून आलेल्या माणसाचा असतो तसा घाईघाईचा. टाकी उघडी, तरी हवा भरली जात होती.

"कोण पंप मारतंय?" मी मागूनच ओरडलो.

"कुनी नाय," चिमा आतून म्हणाली.

मी पुढे गेलो. बैठक मोकळी होती. पितळेची मूठ वर येत होती आणि खाली जात होती. वर. खाली. मधे उसंत नाही. रावजी दोन्ही पाय ब्रेकवर रोवून, डोळे घट्ट मिटून बसला होता. चिमा खाली उतरली आणि पायरीपाशी येऊन उभी राहिली. ती घाबरलेली दिसली नाही. तिचं तोंड मला फार केविलवाणं वाटलं.

"थांबा आता," ती त्या रिकाम्या बैठकीला म्हणाली. "गाडी उभी हाय. दमलासा." मूठ थांबली नाही. "माजं ऐका," ती म्हणाली. मूठ आणखी जोरात चालू लागली.

तिने वर पाहिलं. "रावजी, तू सांग त्यांना. त्या दिशी तू काय सांगितलं व्हतंस?"

"काय नाय. मी काय बोलायच्या आत..."

"त्ये सांगितल्याबिगर उतरनारे नव्हते. ताटावर बसले तरी 'जेवा' म्हटल्याबिगर घास उचलायचे नाय. मना ठावं हाय. तू काय सांगितलंस?"

रावजीने डोळे उघडले. पहिल्यांदाच त्याने डावीकडे पाहिलं, ती चालती मूठ पाहिली आणि त्याचा बांध फुटला. लहान पोरासारखा रडत तो बोलू लागला. "मी म्हटलं व्हतं, हात थांबवू नको. काय बी झालं तरी थांबवू नको. तरी काटा पडला. मग मी वरडलो, उतर, दगड लाव. त्यो म्हनाला, आनि पंप? मी म्हटलं, उतर म्हंतो ना! त्यो उतरला. मागं गेला. आनि माजा पाय सुटला, चिमा. ब्रेकवरनं माजा पाय सुटला. त्यो मागं हाय ह्ये ठावं असून सुटला."

मला तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. खट् फुस्, खट् फुस् चालूच होतं. रावजीने बाहीने तोंड पुसलं. पाय ब्रेकवर तसाच ठेवून तो डावीकडे वळला आणि म्हणाला, "बाबल्या. बास झालं, रे. हात थांबव. मी सांगतोय."

वर आलेली मूठ तिथेच थांबली. मग कोणी सोडून द्यावी तशी हळूच खाली बसली.

दूर कुठेतरी एक होला घुमू लागला. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की इतका वेळ काहीच घुमत नव्हतं. चिमा रस्त्याच्या कडेला जाऊन कातळावर बसली, पाठमोरी. रावजी तिच्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. त्याला वाटत होतं तेच मला वाटत होतं. आता ही उठेल, गाठोडं घेईल आणि चालत वाडीला जाईल. गुरवाने काय तो कौल लावायचा, मी मशीनचं काय ते सांगायचं, सगळं आता फुकट होतं. ज्याच्या पायाने नवरा गेला त्याच्याशी कोण पाट लावतं? आणि रावजीला मी दोष तरी कसा देऊ? तो न बोलता राहिला असता तर बाबल्या पंप मारतच राहिला असता.

बऱ्याच वेळाने ती उठून आली. "उतरले सांगितल्यावर, येवडं ठावं व्हतं," ती रावजीला म्हणाली. "पाय सुटला त्ये नव्हतं ठावं. मना वाटलं, तू सांगशील कंदी ना कंदी. पाटाच्या आदी सांगशील का मागनं, येवडंच बगत व्हतंय."

रावजीने ब्रेकवरचा पाय आणखी दाबला.

"मेस्त्री, गाडी चालू व्हईल?" तिने विचारलं.

मी टाकीचं झाकण घट्ट बसवलं. सांडलेलं पेट्रोल पुसलं, नळी निवेपर्यंत थांबलो. मग गेलो आणि सरळ डाव्या बैठकीवर बसलो. पंपाची मूठ उन्हाने तापली होती, एवढंच. बाकी ती साध्या पंपाची साधी मूठ होती, जरा करकरणारी. काटा नेटका वर आला. मी उतरून हँडल मारलं, इंजिन लागलं, आणि मी परत बैठकीवर येऊन काट्यावर नजर ठेवली. आता चाकामागचा दगड तेवढा काढायचा राहिला होता. तो आधी काढून चालत नाही. ड्रायव्हरने ब्रेक धरलेला असताना, इंजिनाने जोर घेतला की मागे जाऊन काढावा लागतो, आणि काढणारा तेवढा वेळ चाकाच्या मागे असतो.

मी उतरायला लागलो.

"तुमी काटा बगा," चिमा म्हणाली. "दगड मी काडतंय."

"नको!" रावजी ओरडला. "तू नको, चिमा. मेस्त्री काडतील. तू बाजूला हो."

"तुजा पाय ब्रेकवर हाय ना?"

"हाय."

"मग धर."

ती मागे गेली. रावजी दोन्ही हातांनी चाक आवळून बसला होता. त्याचा पाय इतका थरथरत होता की गुडघा समोरच्या फळीला लागून वाजत होता, पण पाय ब्रेकवर होता. मी मान वळवून पाहिलं. ती गाडीच्या बरोबर मागे, चाकाच्या सरळ रेषेत खाली बसली होती. बाजूने हात घालून दगड ओढता आला असता, मी स्वतः तसाच ओढला असता. तिने तसं केलं नाही. दोन्ही हातांनी तिने दगड हलवून मोकळा केला, उचलला, पोटाशी धरला आणि काही घाई न करता उभी राहिली. मग तशीच, गाडीच्या मागे, बाबल्या होता त्याच जागी, ती थोडा वेळ थांबली. रावजी तोंडातल्या तोंडात तिचं नाव घेत होता.

गाडी तसूभरही मागे आली नाही.